टिटवी अंडी कोठे घालते?

एका जंगलात एक नदी होती, आणि त्या नदीला यंदा किती पाणी येणार हे पावसाच्या आधीच सांगणारी एक टिटवी होती.

पोरांनो, हातातली ती प्रश्नांची पुस्तिका आधी खाली ठेवा. पानात बोट घालून ऐकू नका. गोष्ट आहे ही. हिच्याखाली चार पर्याय येणार नाहीत.

तर टिटवी सांगायची म्हणजे तोंडाने नव्हे. ती अंडी घालायची. नदीच्या पात्रातच वाळूत घातली, तर पाऊस बेताचा. काठावर घातली, तर बरा. आणि पात्र, काठ, दरड सगळं सोडून वर माळावर जाऊन घातली, तर पात्रात राहणाऱ्यांनी मुकाट्याने बिऱ्हाड उचलायचं. तिची आई हेच करायची, आजीही हेच करायची. चुकलं तर पहिली अंडी आपलीच बुडणार, हे ठाऊक असल्यामुळे त्या घरात कोणी चुकलं नव्हतं.

अंडी माळावर पडली की टिटवी पात्रावरून ओरडत फिरायची. तिचं ओरडणं ऐकून ससे, उंदीर, साळिंदरं चढाला लागायची. मग पूर यायचा आणि रिकाम्या पात्रातून निघून जायचा. टिटवीला कोणी शाबास म्हणत नसे. उलट, काय मेलं अपशकुनी ओरडतं, असंच म्हणत. पण म्हणायला जिवंत राहत. टिटवीला तेवढं पुरे होतं.

एका वर्षी राजाला वाटलं, एवढं मोठं काम एक पाखरू करतं आणि त्याला साधी नेमणूकही नाही, हे काही बरं दिसत नाही. राजा म्हणजे वाघ. सिंह पुस्तकात असतो, आमच्याकडे वाघच.

वाघाने पद काढलं. पूरसूचक. त्याचा नियम असा, की पूर येणार असं ज्याची नेमणूक झालीय त्यानेच ओरडायचं. दुसरं कोणी ओरडलं तर ती अफवा. आणि नेमणूक व्हायची परीक्षेतून. परीक्षा घ्यायला निवड मंडळ बसवलं, मंडळावर अध्यक्ष म्हणून अस्वल बसवलं, आणि विषय ठेवला सामान्य ज्ञान. इतिहास, भूगोल, विज्ञान, चालू घडामोडी, सगळ्याची मिसळ करून शंभर प्रश्न. पुराबद्दल एकही नाही. पुराचं ज्ञान सामान्य नसतं, असं अस्वलाचं म्हणणं पडलं.

वयाची अट होती जास्तीत जास्त दहा पावसाळ्यांची. टिटवीचा हा दहावा होता. म्हणजे बसायचं तर याच वर्षी.

जाहिरात निघाली आणि जंगलातली सगळी तरणी जनावरं चरायची थांबली. नदीच्या कोरड्या पात्रात, करंजाच्या सावलीत, एक अभ्यासिका उभी राहिली. उभी राहिली म्हणजे सगळे तिथे जाऊन बसले. वाळू गार होती, वर वर्दळ नव्हती. ससे होते, उंदीर होते, दोन मुंगसं होती. काठावरच्या बिळात राहणाऱ्या सायाळमावशीचे गळालेले काटे उचलायचे आणि त्यांनी पानांवर गोल काळे करायचे.

प्रत्येकापुढे एकच पुस्तिका. तरससरांची.

हे तरससर कोण ते सांगते. तरस स्वतः शिकार करत नाही. दुसऱ्याने मारलेलं आणि अर्धं खाऊन टाकलेलं उचलतो. तशीच त्यांनी दहा हजार प्रश्नांची पुस्तिका तयार केली होती. सर शिकवताना हसत. पोरांना वाटे, सर किती मनमोकळे आहेत. तरसाचा आवाजच तसा असतो, बाळांनो.

"वाघमहाराजांच्या खापरपणजोबांनी पहिली डरकाळी कोणत्या दगडावरून फोडली?" सर विचारायचे.

"काळ्या," सगळे म्हणायचे.

"का?"

यावर कोणी काही बोलायचं नाही.

"बरोबर," सर म्हणायचे. "का हा प्रश्न येत नाही."

जंगलातला सर्वांत आळशी प्राणी कोणता, असाही एक प्रश्न होता. उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अध्यक्षांचा मान राखायचा म्हणून चार पर्यायांत अस्वल ठेवलंच नव्हतं. बरोबर उत्तर मुंगी होतं. सगळ्यांनी मुंगी पाठ केलं. पाठ करताना त्यांच्या पायांवरून मुंग्या धान्य ओढून नेत होत्या.

या सगळ्यांत हुशार होता सरडा. तो अभ्यासिकेत येत नसे, पात्रातही कधी उतरला नव्हता. करंजाच्या फांदीवर बसून सकाळपासून मान वरखाली करत पाठांतर करायचा. सरडा तसाही मान वरखाली करतोच. पण आता आया आपल्या पिल्लांना दाखवायच्या, बघ, याला म्हणतात मेहनत.

टिटवीही बसली अभ्यासाला. सायाळमावशीला ते पटेना.

"टिटवे, तुला गं कशाला हवी परीक्षा? तुला काय येत नाही त्यातलं?"

"सगळंच येत नाही, मावशी. डरकाळीचा दगड कुठला ते कालच कळलं."

"पण काम तर तूच करतेस ना इतकी वर्षं?"

"काम करायला कुठे नेमणूक लागते? ओरडायला लागते. यंदापासून पदाशिवाय ओरडलं तर अफवा धरणार आहेत."

"मग नको ओरडूस. मी आपली तुझ्या अंड्यांकडे बघेन आणि उठेन."

"तू उठशील गं," टिटवी म्हणाली, आणि तिने चोचीने अभ्यासिकेकडे दाखवलं. "ही बघतील का?"

सायाळीने बघितलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. एका उंदराच्या शेपटीवर दुसरा उंदीर बसला होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

"माझे काटे तेवढे बघतात मेले," सायाळ म्हणाली. "कर बाई अभ्यास."

टिटवीने केला. दगड पाठ केला, मुंगी पाठ केली, हत्तींच्या सात पिढ्या ओळीने पाठ केल्या. पाठ करता करता हवा हुंगत होती. हवा यंदा तिला बरी वाटत नव्हती. परीक्षेच्या आठवड्यात तिने पात्र सोडलं, काठ सोडला, दरड चढली आणि वर माळावर, पार पळसाच्या पलीकडे, गोट्यांमध्ये अंडी घातली. आजपर्यंत त्यांच्या घरातली कोणी इतक्या वर गेली नव्हती. चौथं अंडं परीक्षेच्या दिवशी सकाळी घातलं. त्यावर टिटव्याला बसवलं, आणि पोटाला लागलेली माती तशीच घेऊन ती परीक्षेला गेली.

बासष्ट प्रश्न तिने मान खाली घालून सोडवले. त्रेसष्टावा वाचला आणि तिला हसू आलं.

टिटवी आपली अंडी कोठे घालते? झाडावर, जमिनीवर, पाण्यात, की यांपैकी नाही.

असं कधी कोणाचं नशीब उघडलं असेल का? तिने 'जमिनीवर'चा गोल असा काळा केला, की सायाळीचा काटा मोडला.

निकाल लागला. सरडा पहिला. टिटवी दुसरी, सव्वा गुणाने मागे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापायचे असा नियम होता, आणि टिटवीचा एक पाव कापला गेला होता तो त्रेसष्टाव्या प्रश्नात. मंडळाच्या उत्तरतालिकेत बरोबर उत्तर होतं, झाडावर.

टिटवी तडक अस्वलापुढे गेली.

"साहेब, त्रेसष्टाव्याचं उत्तर चुकलंय."

"हरकत आहे का?" अस्वल म्हणालं. ते मध खात होतं. "नोंदवा. सोबत छापील पुरावा जोडा."

"मीच टिटवी आहे, साहेब."

"ते दिसतंय मला. पुरावा काय?"

"परीक्षेच्या सकाळीच चौथं घातलं. माळावर. चार पावलं चला, दाखवते."

"टिटवीबाई, अंडं हा पुरावा नाही. अंडं छापलेलं नसतं. तुम्ही हे कोणत्या पुस्तकात वाचलंत?"

"पोटाखाली वाचलं."

अस्वलाने मधाचं बोट चाटलं. "शिवाय तुम्ही हितसंबंधी आहात. अंडी तुमची. तुम्ही तुमच्याच बाजूने बोलणार."

"मग दुसऱ्या कोणाच्या अंड्यांबद्दल बोलू? आणि माझे पाय बघा की. मागचं बोट नावालाच आहे. मला फांदी धरता येत नाही. झाडावर मी बसू शकत नाही, अंडी काय घालणार?"

"शारीरिक पात्रतेचा मुद्दा वेगळा," अस्वल म्हणालं. "त्याचा अर्ज वेगळा. आणि तरससरांच्या पुस्तिकेत स्पष्ट 'झाडावर' आहे. दहा हजार प्रश्नांचा माणूस तो. तो चुकेल का?"

तरस हा माणूस नव्हता, हे अस्वलाच्या लक्षात आलं नाही. मान द्यायचा झाला की त्या जंगलात सगळ्यांनाच माणूस म्हणत.

टिटवी तरससरांकडे गेली.

"सर, हे 'झाडावर' तुम्ही कुठून आणलंत?"

"मंडळाच्या नमुना उत्तरतालिकेतून," सर म्हणाले. "मंडळ चुकेल का?"

"आणि मंडळाने कुठून आणलं?"

"माझ्या मागच्या आवृत्तीतून." सर हसले. "हे बघ, दोन ठिकाणी एकच उत्तर सापडलं की ते पक्कं समजायचं. तुला खरंच वाद मिटवायचा असेल तर एक सोपं आहे. पुढच्या वेळी अंडी झाडावर घाल."

टिटवी परत आली आणि अंड्यांवर बसली. नियमाप्रमाणे ती आता टिटवीसुद्धा नव्हती. एक चुकीचं उत्तर होती.

सरडेसाहेब कामावर रुजू झाले. पूरसूचकाचं काम कागदावर एकच होतं. टिटवीची अंडी कुठे आहेत ते बघायचं आणि त्यावरून पाऊस ठरवायचा. टिटवी इतकी वर्षं करत होती तेच, फक्त आता टिटवीशिवाय.

साहेबांनी काम मनापासून केलं. खोटं कशाला बोलू? आठ दिवस ते झाडं चढत होते. करंज बघितला, जांभूळ बघितलं, उंबराची ढोली बघितली. शेवटी माळावरच्या पळसाशी आले. टिटवी समोरच बसली होती.

"सरडेसाहेब, जरा जपून," ती म्हणाली. "अंडी इथे आहेत. तुमच्या शेपटीपाशी."

साहेबांनी मान वळवून बघितलं. मातकट, ठिपक्या-ठिपक्यांची चार अंडी.

"बाई, हे गोटे आहेत."

"हात लावून बघा, ऊन लागतील."

"उन्हात गोटे तापतातच."

"साहेब, ऐका माझं. माझी आजीसुद्धा कधी इतक्या वर आली नव्हती. यंदा पाणी काठ सोडणार. पात्रात ती पोरं बसलीत. मी ओरडले तर अफवा होते. तुम्ही ओरडा. माझं नावही घेऊ नका."

सरड्याने मान दोन वेळा वरखाली केली. टिटवीला वाटलं, हो म्हणतोय. तो फक्त आठवत होता.

"त्रेसष्टावा प्रश्न," तो म्हणाला. "झाडावर. जमिनीवर आहे म्हणजे ते अंडं असू शकत नाही. याच प्रश्नाने मी पास झालोय, बाई. तोच खोटा म्हणू?"

आणि पळसावर चढून गेला.

दुसऱ्या दिवशी करंजाच्या खोडावर पत्रक लागलं. जंगलातील सर्व झाडे तपासण्यात आली. टिटवीचे एकही अंडे आढळले नाही. अंडी नाहीत, सबब पाऊस नाही. नदीपात्रात निर्धास्त राहावे.

अभ्यासिकेत आनंदीआनंद झाला. नाहीतरी उन्हाळा वाढलाच होता. ते सगळे आणखी आत सरकले, पात्राच्या अगदी मधे, जिथे वाळू सर्वांत गार होती. पुढच्या पदाची जाहिरात येणार होती.

मग टिटवी ओरडली. पद नव्हतं, तरी ओरडली. माळावरून उडायची, पात्रावर फेऱ्या मारायची, घसा फुटेस्तोवर ओरडायची, अंड्यांवर बसायची पाळी आली की परत जायची. सायाळमावशीने पहिल्याच दिवशी पोरांना दामटत दरड चढवली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते सगळे तिच्या मागोमाग निघाले. त्यांनी पत्रक वाचलंच नव्हतं.

अभ्यासिकेतून तक्रार गेली, की टिटवीमुळे लक्ष लागत नाही. शेवटी एका सशिणीने मान वर केली. पोर हुशार होती, सातपैकी सहा पिढ्या तिला पाठ होत्या.

"टिटवीबाई, किती ओरडता? काय झालंय?"

"उठ गं बाई. सगळ्यांना उठव. पूर येतोय."

"पत्रकात तर नाही म्हटलंय."

"अंडी माळावर आहेत माझी. मी घातलीत."

सशिणीने जरा विचार केला. तिला टिटवीची दया आली असावी.

"तुमचा त्या परीक्षेत निकाल काय लागला?"

"सव्वा गुणाने राहिले."

"कोणत्या प्रश्नात?"

टिटवी आणखी एक फेरी मारून आली.

"अंड्यांच्याच ना?" सशीण हळूच म्हणाली, आणि मान खाली घालून सातवी पिढी पाठ करू लागली.

पाणी भरदुपारी आलं. वर आभाळ निळं होतं, ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस पडला होता लांब, डोंगरात, जिथून नदी निघते तिथे. नदीला ते कळलं होतं, हवेला कळलं होतं, एका पाखराच्या पोटाला महिनाभर आधी कळलं होतं. अभ्यासिकेत त्या वेळी 'नद्या व त्यांचे उगम' या घटकाचा सराव चालू होता.

अठरा जण होते. सगळे हुशार. टिटवी त्यांच्या डोक्यावरून फिरत ओरडत होती, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून वर बघितलं.

सरडेसाहेबांना काही झालं नाही. ते झाडावर होते.

चौकशी झाली. अस्वलाने उत्तरतालिका मागवली, पत्रक मागवलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही जुळत होती. चूक कोणाचीच निघाली नाही. पत्रकाप्रमाणे पाऊस नव्हता, त्यामुळे पूर आला असं कागदावर म्हणताच येईना. पात्र रिकामे आढळले, एवढी नोंद झाली. सरडेसाहेबांना बढती मिळाली. आता ते वणव्याचंही बघतात.

तरससरांची नवी आवृत्ती पंधरा दिवसांत आली. चालू घडामोडींत एक प्रश्न वाढला होता. यंदाच्या पुरात नदीपात्रातून किती विद्यार्थी वाहून गेले? नऊ, बारा, अठरा, की एकही नाही.

बरोबर उत्तर, एकही नाही. पाठ करून ठेवा.

इकडे माळावर चारही अंडी फुटली. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की थोड्याच वेळात चालायला लागतात. त्यातलं धाकटं जरा आगाऊ होतं. आठच दिवसांचं असेल. पुराने झुडपात अडकवलेलं पुस्तिकेचं एक पान त्याला सापडलं. ते घेऊन ते धावत आलं.

"आई, हे बघ. यात आपलं नाव आहे."

टिटवीने बघितलं. पान भिजून वाळलं होतं. त्रेसष्टाव्याभोवती कोणीतरी सायाळीच्या काट्याने खूण केली होती.

"आई, आपण झाडावर जन्मलो?"

"चढ," टिटवी म्हणाली.

"कुठे?"

"त्या पळसावर. चढून बस आणि मला हाक मार."

पिल्लू गेलं. खालच्या फांदीवर उडी मारली, पाय घसरला, पडलं. पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी उताणंच पडलं आणि तसंच पडून राहिलं. मग उठलं, अंग झटकलं, आपले पाय नीट निरखून बघितले. मागचं बोट शोधत होतं.

"आई, पुस्तकात चुकलंय."

टिटवीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून हे ऐकलं. तिने त्याला पंखाखाली ओढून घेतलं.

पिल्लू पंखाखालून काही वेळाने म्हणालं, "पण आई, मी मोठा झालो, परीक्षेला बसलो आणि हाच प्रश्न आला, तर काय लिहू?"

अस्वलाला जिने ऐकवलं होतं, भरल्या नदीवर जी ओरडली होती, ती टिटवी गप्प बसली.

तात्पर्य : पोरांनो, जन्म जमिनीवर झाला तरी 'झाडावर'च लिहावे. आपली आई आणि उत्तरतालिका यांत फरक पडला, तर आईवर हरकत नोंदवावी. पाणी गळ्याशी आले तरी घाबरून उठू नये, आधी ते पुस्तिकेत आहे का बघावे. नसेल तर निर्धास्त बुडावे. बुडणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत.

उचला आता आपापली पुस्तिका. कोणत्या पानावर होतात?